झालं का, आणू का, किती वेळ लागेल: तयारीचे रोजचे प्रश्न जर्मनमध्ये कसे विचारायचे

मराठवाड्यात जर्मन शिकणारे वाढले, त्याची कारणं उघड आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा 20,000 वरून 90,000 वर नेली. लातूर-नांदेडच्या नर्सिंगच्या मुली, वाळूज-शेंद्रा पट्ट्यातली आयटीआय झालेली पोरं, सगळेच आता ‘ए-वन (जर्मनची पहिली पातळी) झालं का’ असं एकमेकांना विचारायलेत.

वर्गात सुरुवातीला नाव, गाव, वय, छंद शिकवतात. ते परीक्षेला लागतंच. पण तिकडे वॉर्डात, कारखान्यात किंवा चौघांच्या सामायिक स्वयंपाकघरात दिवसभर जे कानावर पडतं ते वेगळंच असतं: झालं का, काय राहिलं, कोण आणणार, किती वेळ लागेल, कोणती कागदं लागतील. माझ्या मते छंदांवर घालवलेला अर्धा वेळ तरी या प्रश्नांना द्यावा. त्यांचे साचे थोडे आहेत, आणि त्यातले बरेचसे मराठी माणसाला सोपे जातात.

खाली जर्मन वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे आधी कान आणि जीभ तयार होईल. स्पेलिंग मात्र शब्दकोशात स्वतः शोधून वहीत लिहा. शोधण्यात जो वेळ जातो त्यात शब्दाचं लिंगही समोर येतं, आणि ते पुढे लागणार आहे.

आधी तीन आवाज

जर्मनमध्ये ‘झेड’ अक्षराचा उच्चार ‘त्स’ होतो. हिंदी भाषकाला तो घोटवावा लागतो. आपल्याकडे तो ‘चूल’ आणि ‘चाक’ यांत आयता आहे (‘चहा’तला च वेगळा). कांद्याला ‘त्स्वीबल’ म्हणताना चुलीतला च आठवा.

शब्दाच्या शेवटी येणारा ‘ई’ अगदी हलका असतो, ‘झालं’, ‘केलं’ यांच्या शेवटी आपण बोलताना काढतो तसा. म्हणून खाली ‘ब्राउखं’, ‘गेराडं’ असं लिहिलं आहे. तिथे अनुस्वार नाकात घ्यायचा नाही.

‘एस’ अक्षर स्वराच्या आधी आलं की ‘जोर’मधल्या ज सारखा आवाज येतो. त्यासाठी मी झ वापरला आहे, पण त्यातला ह-कार काढून टाका. ‘झोल’ हे ‘झोळी’पेक्षा ‘जोर’च्या जवळ वाजलं पाहिजे.

पहिली पायरी: ‘फेर्टिश’ आणि त्याची चार उत्तरं

सगळ्यात कमी व्याकरणात सगळ्यात जास्त काम करणारा शब्द म्हणजे ‘फेर्टिश’. झालं, तयार, आवरलं, संपलं या सगळ्याला तो चालतो.

बिस्ट डू फेर्टिश? – तुझं आवरलं का?
झाइट ईअर फेर्टिश? – तुमचं आवरलं का? (दोघी-तिघींना)
झिंट झी फेर्टिश? – आपलं झालं का? (अनोळखी, वयस्कर, साहेब, पेशंट)
इस्ट डास एसन फेर्टिश? – जेवण तयार आहे का?

इथे एक घोटाळा हमखास होतो. आपला ‘तुम्ही’ मानालाही चालतो आणि अनेकांनाही. जर्मनमध्ये ती दोन वेगळी माणसं आहेत. खोलीतल्या दोन मैत्रिणींना ‘झी’ म्हटलं तर त्या हसतील, त्यांना ‘ईअर’. आणि आपण वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणून तिकडच्या मित्राच्या घरी त्याचा मुलगा बापाला ‘डू’ म्हणतो ते ऐकून दचकू नका. घरात सगळे ‘डू’च असतात. तुम्ही मात्र त्या बापाला, तो स्वतःहून सांगेपर्यंत, ‘झी’ म्हणा.

बाडेन-व्युर्टेम्बर्गला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: दक्षिण जर्मनीत ‘फेर्टिश’चा ‘फेर्टिक’ ऐकू येतो. शब्द तोच.

प्रश्न पाठ केला आणि उत्तर समजलं नाही तर काय उपयोग? म्हणून ही चार उत्तरं प्रश्नाबरोबरच शिका:

या, आलेस फेर्टिश. – हो, सगळं झालं.
फास्ट फेर्टिश. – झालंच जवळजवळ.
नोख निश्ट. – अजून नाही.
इश बिन गेराडं डाबाय. – तेच करायलोय.

चौथं उत्तर आपल्या भागासाठी खास कामाचं. ‘करायलोय’, ‘आवरायलीय’ हे आपण पावलोपावली बोलतो, आणि जर्मन क्रियापदाला चालू काळाचं असं वेगळं रूप नाही. म्हणून मुलं अडखळतात आणि गप्प बसतात. ‘गेराडं डाबाय’ने ती खिंड भरून निघते. कोणतंही काम असो, उत्तर हेच.

दुसरी पायरी: ‘का’ सोडून द्या

मराठीत साध्या वाक्याला शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला. जर्मनमध्ये असा ‘का’ नाही. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात क्रियापद उचलून सगळ्यात पुढे ठेवायचं आणि शेवटी आवाज चढवायचा: ‘डू बिस्ट फेर्टिश’ हे विधान, ‘बिस्ट डू फेर्टिश?’ हा प्रश्न. काय, कोण, कधी, कसं यांनी सुरू होणाऱ्या प्रश्नात तो शब्द पहिला आणि क्रियापद दुसरं. आवाज सहसा उतरता.

विधानाचाच क्रम ठेवून नुसता सूर चढवला तरी जर्मन माणसाला कळतं, पण त्याला ते ‘काय, झालंसुद्धा?’ असं आश्चर्याचं वाटतं. वॉर्डात सिस्टरला असं विचारलं तर उगाच टोमण्यासारखं होईल.

तिसरी पायरी: ‘शोन’ आणि भूतकाळ

इथे सावकाश चला. तयारीचे निम्मे प्रश्न याच साच्यात बसतात. ‘बॅग भरलीस का?’ म्हणजे:

हास्ट डू डेन कोफर शोन गेपाक्ट?

‘हास्ट’ पुढे, ‘गेपाक्ट’ अगदी शेवटी, मध्ये वस्तू आणि ‘शोन’. क्रियापद शेवटी ठेवायची आपल्याला जन्माची सवय आहे, तेव्हा अर्धं काम झालेलंच आहे. ‘शोन’मुळे ‘एव्हाना, आतापर्यंत’ अशी छटा येते. तो गाळला तर वाक्य चुकत नाही, पण तयारीचा सूर हरवतो.

‘डेन’ का? कोफर पुल्लिंगी आहे म्हणून. ज्याच्यावर क्रिया होते त्या जागी पुल्लिंगी ‘डेर’चा ‘डेन’ होतो. स्त्रीलिंगी ‘डी’ आणि नपुंसकलिंगी ‘डास’ आहेत तसेच राहतात. एवढं एकच वळण सध्या सांभाळा.

आता शेवटचा शब्द, म्हणजे ‘गेपाक्ट’च्या जागी काय येतं ते. वर्गात याचा लांबलचक तक्ता देतात. तो पाठ करायला बसू नका. तीन ढीग करा आणि घरात जी कामं खरंच होतात तेवढेच शब्द त्यात टाका.

पहिल्या ढिगात पुढे ‘गे’ लागतो: गेमाख्ट (केलं), गेकोख्ट (शिजवलं), गेवाशन (धुतलं), गेश्निटन (चिरलं), गेपुट्स्ट (साफ केलं). भाजी निवडायलाही हाच ‘पुट्सन’ वापरतात: हास्ट डू डास गेम्यूझं शोन गेपुट्स्ट?

दुसऱ्या ढिगातली क्रियापदं दोन तुकड्यांची, त्यांत ‘गे’ मधोमध शिरतो: आइनगेकाउफ्ट (बाजार केला), मिटगेब्राख्ट (येताना आणलं), आउफगेरॉय्म्ट (आवरून ठेवलं), आइनगेवाइश्ट (भिजत घातलं). हा शेवटचा शब्द पुस्तकात उशिरा भेटतो, पण ज्यांच्या घरी रात्री हरभरे-मटकी भिजतात त्यांनी आजच घ्यावा: हास्ट डू डी लिन्झन शोन आइनगेवाइश्ट? – डाळ भिजत घातलीस का?

तिसऱ्या ढिगात ‘गे’ येतच नाही: कोपीर्ट (झेरॉक्स काढली), बेत्साल्ट (पैसे भरले), फेरगेसन (विसरलं). आणि आपल्या विषयाचं मुख्य क्रियापद ‘फोरबेराइटन’ म्हणजे तयारी करणं, तेही इथेच: हास्ट डू आलेस फोरबेराइटेट? – सगळी तयारी केलीस का? मुलं हमखास ‘फोरगेबेराइटेट’ म्हणतात. त्यातल्या ‘बे’मुळे ‘गे’ला जागा उरत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

येण्या-जाण्याच्या आणि उठण्याच्या क्रियापदांना ‘हास्ट’ऐवजी ‘बिस्ट’, ‘इस्ट’ लागतात. इस्ट डेर बुस शोन गेकोमन? – बस आली का? बिस्ट डू शोन आउफगेश्टांडन? – उठलास का?

प्रश्न नकारार्थी असेल तर होकार ‘या’ने देत नाहीत. ‘कागदांची झेरॉक्स काढली नाहीस का?’ असं कोणी विचारलं आणि तुम्ही काढली असेल, तर उत्तर एकच शब्द: डोख! म्हणजे ‘काढली की!’

चौथी पायरी: काय राहिलं, काय लागेल

वास ब्राउखन वीअर नोख? – अजून काय लागतंय?
फेल्ट नोख एट्वास? – अजून काही कमी आहे का?
हाबन वीअर नोख राइस? – तांदूळ अजून आहे का?
वीअर हाबन काइनन राइस मेअर. – तांदूळ संपला.

‘नोख’च्या जागी डोळे झाकून ‘अजून’ ठेवून पाहा, बहुतेक वेळा बसतो. इंग्रजीमार्गे जर्मन शिकणाऱ्याला इथे दोन-तीन वेगळे शब्द जुळवावे लागतात. तुम्ही इंग्रजी मध्ये आणूच नका.

पाचवी पायरी: ‘चिरू का?’

मराठीतलं ‘करू का, आणू का, चिरू का’ म्हणजे जर्मनमधलं ‘झोल इश’. क्रियापद मूळ रूपात शेवटी.

झोल इश डी त्स्वीबल्न श्नाइडन? – कांदे चिरू का?
झोल इश एट्वास मिटब्रिंगन? – येताना काही आणू का?
कान इश डीअर हेल्फन? – मदत करू का? (मान द्यायचा तर ‘डीअर’च्या जागी ‘ईनन’)

उत्तरं: ‘या, गेर्न’ म्हणजे हो, आनंदाने, ‘निश्ट न्योटिश’ म्हणजे गरज नाही. कोणी जेवायला बोलावलं की ‘येताना काही आणू का?’ हा प्रश्न विचारायची तिकडे पद्धतच आहे, आणि त्यावर ‘नूअर गूटं लाउनं’, म्हणजे ‘फक्त चांगला मूड घेऊन ये’, असं ठरलेलं उत्तर येऊ शकतं. ते ऐकून बाजारात ‘लाउनं’ शोधू नका. तरीही रिकाम्या हाताने जाऊ नये, हे तिकडेही खरं.

आणण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवा. ‘मिटब्रिंगन’ म्हणजे येताना सोबत आणणं, ‘होलन’ म्हणजे मुद्दाम जाऊन घेऊन येणं.

‘लागेल का, करावंच लागतं का’ यासाठी ‘मुस इश’. मुस इश आइनन टेर्मीन माखन? – अपॉइंटमेंट घ्यावी लागेल का? याच्या नकारात मात्र धोका आहे. ‘डास मुस्ट डू निश्ट’ म्हणजे तुला ते करायची गरज नाही. ‘करू नकोस, मनाई आहे’ यासाठी ‘डास डार्फस्ट डू निश्ट’. पेशंटला पाणी द्यायचं की नाही अशा प्रसंगी हा फरक जिवावरचा ठरू शकतो, तेव्हा दोन्ही वाक्यं जोडीने घोटा.

सरावाला येळवस घ्या

लातूर, धाराशिवकडे वेळ अमावास्येच्या, म्हणजे येळवसेच्या, आदल्या संध्याकाळी घरात जी धांदल असते तिच्यासारखा सराव कोणतंही पुस्तक देणार नाही. भज्जीची भाजी निवडायची, आंबिलीचं ताक बघायचं, उंड्यांचं पीठ, रानात न्यायचं सामान. दोघी बहिणी शिकत असतील तर थोरलीने विचारावं आणि धाकटीने हात चालू ठेवून उत्तर द्यावं:

– बिस्ट डू मिट डेम गेम्यूझं शोन फेर्टिश? (भाजी निवडून झाली का?)
– नोख निश्ट. इश बिन गेराडं डाबाय. (अजून नाही ताई, निवडायलेय.)
– हाबन वीअर गेनूक बुटरमिल्श? (ताक पुरेल का?)
– नाइन, वीअर ब्राउखन नोख आइनन लीटर. (नाही, अजून लिटरभर लागेल.)
– झोल इश बुटरमिल्श होलन? (जाऊन आणू का?)
– या, बिटं. उंट वेर ट्रेक्ट मोर्गन डेन टोप्फ? (हो, आण. आणि उद्या मडकं कोण घेणार?)

भज्जीला आणि आंबिलीला जर्मन शब्द शोधत बसू नका, ते आहेत तसेच ठेवा. जर्मन मैत्रिणीला सांगतानाही तेच करणार आहात. येळवस वर्षातून एकदा येते, पण हाच खेळ हुरड्याला, लग्नघरी, नाहीतर रोजच्या डब्यालाही चालतो.

सहावी पायरी: कसं करतात, किती वेळ, कधीपर्यंत

‘हे कसं करतात?’ यात ‘करतात’ म्हणजे कोणीही. जर्मनमध्ये त्या जागी ‘मान’ येतो: वी माख्ट मान डास? खास पदार्थाबद्दल विचारायचं तर ‘त्सूबेराइटन’ हे क्रियापद आहे, प्रश्नात त्याचे दोन तुकडे होतात: वी बेराइटेट मान डास त्सू? बोलताना ‘माख्ट’ पुरतो.

वास कोम्ट त्सूएर्स्ट? उंट डानाख? – आधी काय घालायचं? आणि मग?
वी फील झाल्त्स कोम्ट राइन? – मीठ किती पडतं?
वी लाङं मुस डेर टाइक रूअन? – कणीक किती वेळ मुरू द्यायची?
वी लाङं डाउअर्ट डास? – किती वेळ लागेल?
बिस वान मुस एस फेर्टिश झाइन? – कधीपर्यंत तयार पाहिजे?

शेवटचा प्रश्न कामाच्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून विचारा. आपल्याकडे ‘होऊन जाईल’वर निभतं. तिकडे वेळ आधी ठरते आणि ती पाळायची असते.

ऑफिसात आणि दवाखान्यात

जर्मनीत राहायला गेलं की घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. तिथे जाण्याआधी फोनवर किंवा काउंटरवर दोन प्रश्न पुरतात:

वेल्शं उंटरलागन ब्राउखं इश? – कोणती कागदपत्रं लागतील?
मुस इश डास ओरिगिनाल मिटब्रिंगन, ओडर राइश्ट आइनं कोपी? – मूळ प्रत आणावी लागेल, की झेरॉक्स चालेल?

उत्तरात पासपोर्टबरोबर ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ ऐकू येईल. तो घरमालकाचा दाखला. तहसीलच्या खिडकीवर रांग लावलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, शब्द तेवढा लांब.

नर्सिंगवाल्यांसाठी तयारीचा सर्वात महत्त्वाचा शब्द ‘न्युश्टर्न’, म्हणजे उपाशीपोटी. पेशंटला विचारायचं: झिंट झी न्युश्टर्न? आणि खात्रीसाठी पुढचं: हाबन झी हॉयटं शोन एट्वास गेगेसन ओडर गेट्रुंकन? म्हणजे आज काही खाल्लं-प्यायलं आहे का? दुसरा प्रश्न सोडू नका. ‘न्युश्टर्न’चा दारू न प्यायलेला असाही अर्थ होतो, आणि चहा घेतलेला म्हातारा पेशंटही खुशाल ‘या’ म्हणून मोकळा होईल. स्वतःच्या रक्ततपासणीला जाताना हेच उलटं: मुस इश न्युश्टर्न कोमन?

सहकारी विचारतील: इस्ट डेर पात्सिएंट फ्यूर डी ओ-पे फोरबेराइटेट? इथे ‘ओ-पे’ म्हणजे ऑपरेशन. आपल्या ओपीडीशी त्याचा संबंध नाही.

परीक्षेत हेच कुठे येतं

गोएथे-इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या ए-वन तोंडी परीक्षेत विषय आणि शब्द लिहिलेलं कार्ड उचलून समोरच्याला प्रश्न विचारायचा असतो. ‘जेवण’ किंवा ‘खरेदी’ आलं की वरच्यातला कोणताही प्रश्न फेका. परीक्षेची तयारी हाही बोलायचा विषय होतो: वी बेराइटेस्ट डू डिश आउफ डी प्र्यूफुंग फोर? ‘कशाची’ तयारी ते सांगताना ‘आउफ’ लागतो, आणि ‘कशाची?’ असं विचारायचं तर ‘वोराउफ’.

बी-वनला, म्हणजे दोन पातळ्या पुढे, तर तोंडी परीक्षेचा पहिला भागच ‘दोघांनी मिळून काहीतरी आखणं’ असा असतो. निरोपसमारंभ, सहल, आजारी मित्राला भेटायला जाणं, असं काही. आधी तयारीला 15 मिनिटं मिळतात. त्या वेळात पूर्ण वाक्यं लिहीत बसू नका, फक्त प्रश्नांची सुरुवात टिपा:

वान ट्रेफन वीअर उन्स? – कधी भेटायचं?
वी वेरं एस मिट झाम्सटाक? – शनिवार कसा राहील?
वेर क्युमर्ट झिश उम डास एसन? – जेवणाचं कोण बघणार?
झोल इश डी गेट्रेंकं मिटब्रिंगन? – पेयं मी आणू का?
वास हेल्ट्स्ट डू डाफोन? – तुला काय वाटतं?

जोडीदार पाठ केलेलं भाषण ठोकू लागला तर मध्येच ‘वास हेल्ट्स्ट डू डाफोन?’ची वाट बघू नका, त्याच्या श्वासाच्या जागी शिरून तुमची सूचना मांडा. आणि तो गप्पच झाला तर ‘उंट डू? वास माइन्स्ट डू?’ म्हणून चेंडू त्याच्याकडे ढकला. संवाद चालू ठेवण्याचेही इथे गुण असतात.